सुतार झोपडीतला दिवस

गुडघे अजून आपलं ऐकतायत तोवर चार ठिकाणं बघून घेऊ, असं आमच्या सावेडीतल्या बायकांचं ठरलं आणि गेल्या हिवाळ्यात आम्ही अकराजणी वेरूळला गेलो. कैलास लेणं होईपर्यंत निम्म्या थकल्या. झाडाखाली सतरंजी अंथरून डबे उघडले गेले. मी म्हटलं, मी जरा दहा नंबरला जाऊन येते. "तिथं काय आहे?" एकीनं विचारलं. "आमच्या गावचा सुतार," मी म्हटलं. तिला वाटलं, मी थट्टा करतेय. तशी मला सवय आहेच.

दहा नंबरच्या लेण्याला सुतार झोपडी म्हणतात. आता तिथं कठडे आहेत, पाट्या आहेत. पण आत पाऊल टाकलं आणि वास आला तो जुनाच. वटवाघळांचा, गार दगडाचा आणि कसला तरी बंद पेटीसारखा. त्या वासासरशी माझे पिकलेले केस, चष्मा, पेन्शन सगळं बाहेर अंगणात राहिलं. दोन वेण्यांना लाल रिबिनी बांधलेली, कांजी केलेला पांढरा फ्रॉक पोटऱ्यांना खाजतोय म्हणून सारखी वाकणारी एक दहा वर्षांची मुलगी आत गेली.

साल एकाहत्तरचं सरत आलेलं किंवा बहात्तर नुकतंच लागलेलं. मोठ्या दुष्काळाच्या आधीचा हिवाळा होता एवढं पक्कं, कारण आमच्या काष्टीच्या विहिरींना तेव्हा पाणी होतं, आणि सहलीच्या आधी चार दिवस आमची सगळी वस्ती धुणं धूत होती. वेरूळला जाताना सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचे, असं दादांनी सांगितलं होतं. दादा म्हणजे माझे वडील, शेजारच्या गावच्या शाळेत गुरुजी. बायका कुरकुरल्या. आई तर दोन दिवस बोललीच नाही. पांढरं लुगडं विधवेनं नेसायचं, हे तिच्या हाडात बसलेलं. शेवटी तिनं पांढऱ्याला निळीचं पाणी जरा जास्तच दिलं आणि म्हणाली, "आता हे निळं हाय. कुनी काय बोलायचं न्हाई." वाऱ्यावर सगळ्या वस्तीची ती पातळं फडफडायची आणि निळीचा ओला वास घराघरांत शिरायचा. तसा वास पुन्हा कुठल्या साबणाला आला नाही.

दादांना लोकांच्या चुका सुधारायची खोड होती. शाळेत ते ठीकच, पण बाजारात, लग्नात, मयतीतसुद्धा. कुणी 'देव पावला' म्हटलं की ते थांबवायचे. "देव पावत नसतो. माणूस कष्ट करतो." कुणी बुद्धाला देव म्हटलं की मग विचारूच नका. "बुद्ध देत नाही. बुद्ध वाट दाखवतो. चालायचं आपण." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेत उठवून विचारलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं. दीक्षा घेऊन पंधरा वर्षं होत आली होती. घरातले देव कधीच भीमेत सोडले होते, पण म्हाताऱ्यांच्या मनातले अजून निघाले नव्हते, आणि दादांचं सगळं आयुष्य त्यांच्या पाठीमागे लागण्यात चाललं होतं. आपली माणसं एकदा आपलं जुनं लेणं बघतील, तिथं बसून वंदना म्हणतील आणि मग कुणाचं मन मागं ओढणार नाही, अशी त्यांची खात्री होती. त्यासाठी त्यांनी पेशल एस.टी. ठरवली होती.

गाडी सुटायच्या आदल्या आठवड्यात भागूआजी आमच्या दारात येऊन उभी राहिली. गावातल्या सुताराची ती आई. आमच्या दारात ती पहिल्यांदाच आली होती, त्यामुळं आईच्या हातातलं पीठ हातातच राहिलं.

"गुरुजी, तुमी येरूळाला चाल्ला म्हनं. मला न् धोंडीला घ्या की गाडीत."

"या की मावशी," दादा म्हणाले. त्यांना इतका आनंद झाला की कशासाठी हे विचारायचं राहूनच गेलं. सुताराच्या घरची म्हातारी आपल्याबरोबर बुद्धाच्या दर्शनाला येतेय, एवढंच त्यांना दिसलं.

धोंडी सुतार, आमचे धोंडीमामा, दादांच्याच वर्गातले. मामा वर्गात बसायचे आणि दादा दाराबाहेर, एवढाच काय तो फरक. त्यांच्या हातचा नांगर चार गावं मागायची. वर्षापूर्वी बैलगाडीचं चाक ठोकताना वाकस निसटला आणि डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट मुळापासून गेलं. वाकस म्हणजे सुताराची छोटी, आडव्या पात्याची कुऱ्हाड. जखम महिन्यात भरली, पण मामांनी वाकस पुन्हा उचलला नाही. डावा हात कायम खांद्यावरच्या पंचाखाली. शेतकरी पाभरी, कुळव दुसऱ्या गावच्या सुताराकडं न्यायला लागले. मामा पडवीत बसून त्यांना जाताना बघायचे.

भागूआजीला काय हवं होतं ते मला गाडीतच कळलं, कारण दादांनी तिला माझ्या शेजारी बसवलं होतं. गाडी पहाटेच निघाली. निघण्याआधी दादा एकेका बाकापाशी जाऊन पिशव्या चाचपत होते. आमच्या चुलत आजोबांच्या, म्हणजे तात्यांच्या पिशवीत नारळ निघाला. मग आणखी दोघांच्या.

"तात्या, काय ठरलं होतं आपलं?"

"न्हाई, म्हनलं वाटंत भूक लागंल."

"लागू द्या. मग चटणी करू." दादांनी तिन्ही नारळ ड्रायव्हरच्या मागं ठेवले. भागूआजीची पिशवी त्यांनी चाचपली नाही. ती पाहुणी होती. तात्यांनी ते बरोबर टिपलं.

केडगावचे दिवे मागं पडले, नगर गेलं, उजाडलं. घोडेगावच्या पुढं कुठंतरी हरभऱ्याच्या शेतांचा आंबूस वास खिडकीतून आला. आजीनं मांडीवरचं गाठोडं हळूच उघडून मला दाखवलं. लाल फडक्यात वाकस, एक नारळ, कुंकवाची पुडी.

"येरूळाला आमचा द्येव हाय," ती म्हणाली. "विश्वकर्मा. सगळ्या सुतारांचा बाप. त्यानं एका रातीत डोंगुर कोरला. पहाटं कोंबडा आरवला, त्याचं ध्यान ढळलं न् हत्यार बोटावर बसलं. तसाच बोट धरून बसलाय बग. माझं मालक सांगायचं. त्यांचं जायचं ऱ्हाऊन गेलं."

"मग?"

"मग काय. ज्याचं बोट कापलं त्यालाच बोटाचं दुख कळंल. त्याच्या पायाला वाकस लावते, कुंकू लावते. मग धोंडी उचलंल."

मामा पुढच्या बाकावर होते. ऐकत होते की नाही कोण जाणे. मला एकदम भीती वाटली. दादांनी मला लेण्यांचं पुस्तक वाचून दाखवलं होतं. दहा नंबरच्या लेण्यात स्तूपापुढं बुद्ध बसलेला आहे, दोन्ही हात छातीशी, उजव्या हातात डाव्याचं बोट. आजीचा देव आणि दादांचा बुद्ध एकच दगड होता, हे त्या गाडीत फक्त मला माहीत होतं. मी दादांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. सांगितलं तर दादा आजीची चूक सुधारतील, गाडीतच, सगळ्यांसमोर, असं मला वाटलं.

वेरूळला पोचलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. तेव्हा तिथं आजच्यासारखी गर्दी नव्हती. सीताफळीची झुडपं, माकडं, आणि डोंगराच्या पोटात ओळीनं काळी दारं. एकेका लेण्यात शिरताना आमची माणसं चपला काढायची आणि आवाजही बाहेर ठेवायची. तात्या एका खांबाला हात लावून कितीतरी वेळ उभे होते. "हे आपलं?" त्यांनी विचारलं. "आपलं," दादा म्हणाले. तात्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा दादांनी आपलाही हात त्या खांबाला लावला.

दहाव्या लेण्यात आम्ही पांढरे कपडे आवरत रांगेनं बसलो. वरच्या सज्जातल्या मोठ्या खिडकीतून उजेड सरळ बुद्धाच्या अंगावर येत होता. दादांनी मला खूण केली. त्रिशरण मी सांगायचं आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचं, असा महिनाभर सराव झाला होता. मी पहिला शब्द उच्चारला आणि दचकले. माझा बारीक आवाज त्या छतात जाऊन भरदार होऊन परत आला. मागून सगळी वस्ती म्हणायला लागली आणि तो आवाज अंगावर काटा आणत खांबाखांबांतून फिरला. आई रडत होती. त्या निळसर पातळाच्या पदरानं डोळे पुसत होती आणि मला नजरेनंच सांगत होती, थांबू नकोस.

वंदना संपली. कुणी उठेना. तेवढ्यात भागूआजी उठली, गाठोडं घेऊन सरळ पुढं गेली, आणि तिनं लाल फडकं सोडलं.

"मावशी, हे काय?" दादा उठले.

"वाकस हाय धोंडीचा. विश्वकर्म्याच्या पायाला लावते, नारळ फोडते न् झालं."

"हा विश्वकर्मा नाही मावशी. हा बुद्ध आहे."

"असंल. आमी विश्वकर्मा म्हनतो. बघा की, बोट कापलंय त्याचं. धरून बसलाय."

दादांचा आवाज वर्गातला झाला. "बोट कापलेलं नाही. तो शिकवतोय. एखादी गोष्ट समजावून सांगताना आपण बोट धरतो की नाही? हे पहिलं, हे दुसरं, असं." आणि समजावता समजावता त्यांनी स्वतःचं डावं बोट उजव्या चिमटीत धरलं. सगळ्यांनी एकदा दादांच्या हाताकडं बघितलं आणि एकदा दगडातल्या. मागून कुणीतरी हलकेच हसलं.

भागूआजी हसली नाही. "गुरुजी, तुमी शिकिवता म्हनून तुमाला त्यो शिकिवताना दिसतो," ती म्हणाली. "माझ्या लेकाचं बोट गेलंय."

दादांनी चिमटीतलं बोट सोडलं. मागून तात्यांचा आवाज आला, "आन् आमचं नारळ मातुर गाडीत ठिवलं."

दादांची अडचण मला तेव्हाही समजली. आजीला कुंकू लावू दिलं असतं तर तात्या गाडीतून नारळ घेऊन आले असते, आणि पंधरा वर्षं त्या दुपारी वाया गेली असती. नाही म्हणावं तर समोर म्हातारी वाकस घेऊन उभी.

"नारळ नाही, कुंकू नाही," ते शेवटी म्हणाले. "इथं ते कुणालाच नाही, मावशी, म्हणून तुम्हालाही नाही. वाकस ठेवा. कष्टाचं हत्यार आहे. त्याला कोण अडवणार?"

आजीनं नारळ आणि पुडी गाठोड्यात परत बांधली आणि वाकस घेऊन पुढं झाली. पण बुद्धाचे पाय उंच होते आणि ती ठेंगणी. टाचा उंचावल्या तरी हात पोचेना. तिनं मागं वळून लेकाला शोधलं, तर मामा कुठं दिसेनात. सुताराचं हत्यार दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. कुणी नुसतं ओलांडलं तरी ही म्हातारी घर डोक्यावर घ्यायची. तिनं तो वाकस दादांच्या पुढं धरला.

दादांनी दोन्ही हातांनी घेतला. नीट, पातं आतल्या बाजूला करून, बुद्धाच्या पायांशी ठेवला. "काय मागायचं ते मागा," ते म्हणाले आणि बाजूला झाले. बुद्ध देत नाही, हे वाक्य आता येईल म्हणून मी वाट बघत होते. ते आलं नाही.

आजीनं डोळे मिटले. तेवढ्यात पलीकडच्या खांबांमागून हाक आली. "मास्तर, जरा इकडं या."

धोंडीमामा मान पार मागं टाकून छताकडं बघत होते. छताला दगडाच्या कमानी, एकीशेजारी एक, पार टोकापर्यंत.

"ह्ये वासं बघा," मामा म्हणाले. "दगडाला वासं कशाला लागत्यात? वर काय कौलं घालायचीत? ज्यानं ह्ये कोरलं, त्यानं आदुगर जलमभर लाकूड केलंय. हात लाकडाचा हाय त्याचा, मास्तर. सवय सुटली न्हाई गड्याची."

इतकी वाक्यं सलग त्यांच्या तोंडून वर्षभरात कुणी ऐकली नव्हती. मग ते खांबापाशी वाकले आणि विती टाकत त्याची रुंदी मोजायला लागले. एक उजव्या हाताची वीत, एक डाव्या हाताची, पुन्हा उजव्या. पंचा खाली पडला होता. तीन चार विती झाल्या आणि ते थांबले. डावा हात खांबावर तसाच ताणलेला. अंगठा एका टोकाला, करंगळी दुसऱ्या, मधे ती मोकळी जागा.

"वीत तेवढीच भरती की," ते म्हणाले.

"काय?"

"अंगठा न् करंगळी. वितीला त्या बोटाचं काय कामच न्हाई." त्यांनी पुन्हा मोजून बघितलं. पुन्हा तेवढीच भरली.

आणि पलीकडं भागूआजी अजून डोळे मिटून मागत होती. मला तिला हलवून सांगावंसं वाटलं, आजी, मागं बघ. पण देवाजवळ मागणाऱ्या माणसाला कसं हलवायचं, ते मला कळेना.

परतताना प्रवरासंगमच्या पुलाअलीकडं गाडी थांबली. सूर्य नदीत उतरत होता. दादांनी ड्रायव्हरच्या मागचे तीन नारळ काढले, आणि मैलाच्या दगडावर स्वतः फोडले. "देवासाठी नाही," त्यांनी बजावलं, "भुकेसाठी." तात्या गालातल्या गालात हसले. भागूआजीनं तिचा नारळही पुढं केला. सगळ्यांनी गुळाबरोबर खोबरं खाल्लं, तिनंही आमच्यातच बसून खाल्लं. त्या खोबऱ्याला डिझेलचा आणि नदीच्या गाळाचा वास होता. तसं गोड खोबरं मी नंतर खाल्लेलं नाही, आणि खाल्लं असेल तर लक्षात राहिलेलं नाही.

पण गावी आल्यावर मामांनी वाकस उचलला नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. भागूआजी पाणवठ्यावर बोलायला लागली. "गुरुजीनं कुंकू लावू दिलं न्हाई. द्येव उपाशी ऱ्हायला माझा, मग कसा पावंल?" ते फिरत फिरत आमच्या घरी आलं. दादांनी ऐकून घेतलं. त्या दिवशी ते जेवताना आईला म्हणाले, "लावू द्यायला हवं होतं का गं? चिमूटभर तर होतं." आईनं भाकरी वाढली. दादांना कशाबद्दल तरी खात्री नाही, हे मला फार विचित्र वाटलं होतं. मला वाईट वाटलं आणि थोडी भीतीही.

गेल्या हिवाळ्यात त्या लेण्यात बसले होते तर एक गाईड शाळेच्या मुलांना घेऊन आला. छताकडं बॅटरी मारून म्हणाला, बघा, हे लाकडी वाशांसारखं कोरलंय, म्हणून याला सुतार झोपडी म्हणतात. मुलं वर बघत होती. मला हसू आलं. आमच्या मामांना हे कुणी सांगावं लागलं नव्हतं. दादा गेले, आई गेली, भागूआजी तर केव्हाच. माझ्याबरोबर ती वंदना म्हणणारं आता बहुतेक कुणीच नाही. मी मनातल्या मनात त्रिशरण म्हणून बघितलं. मोठ्यानं म्हणायचं धाडस झालं नाही, मुलं होती. मी खांबाला टेकून बसून राहिले.

सहलीनंतरची ती सकाळ आठवत होती. शिमगा जवळ आला होता. दादा अंगणात आरसा टांगून दाढी करत होते, मी पितळी वाटीत गरम पाणी धरून उभी. गावाच्या वरच्या अंगानं आवाज आला. खट्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा खट्, खट्. दादांचा वस्तरा गालावर थांबला. मग आवाज लागोपाठ यायला लागला, अडखळत, पण थांबेना. लाकडावर वाकस पडल्याचा आवाज साऱ्या गावाला ओळखू यायचा.

दादा उठले आणि तसेच चालायला लागले. अर्ध्या तोंडाला साबण, खांद्यावर टॉवेल. मी वाटीतलं पाणी सांडत मागं धावले.

मामा पडवीत बसले होते. डाव्या हाताच्या तीन बोटांनी आणि अंगठ्यानं बाभळीचा ठोकळा धरून तासत होते. घाम गळत होता. ताज्या ढलप्यांचा कडवट वास सगळीकडं पसरला होता. त्यांनी मान वर केली नाही. भागूआजी दारात उभी होती. दादा पडवीखाली थांबले. त्या पडवीत आमच्यातलं कुणी आजवर चढलं नव्हतं.

आजी दादांच्या साबणाच्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, पावला बगा तुमचा बुद्ध."

मी दादांकडं बघितलं. आता ते थांबवणार, आता सांगणार. दादांचे ओठ हलले, साबणाचा फेस हनुवटीवरून खाली आला.

"व्हय मावशी," ते म्हणाले. "पावला."

"मग वर या की. खाली का हुबा?"

दादा वर गेले आणि मामांच्या शेजारी, ढलप्यांतच, मांडी घालून बसले.